लहान टाकी, तिची झाडं आणि वरचा दिवा

फिश टँक घ्यायला गेलेले लोक आधी टाकीची लांबी ठरवतात, मग मासे निवडतात, मग दगड आणि वाळू. दिव्याचा विषय बहुधा निघतच नाही, कारण तो झाकणातच बसवलेला असतो. दुकानदार बटण दाबतो, निळसर पांढरा उजेड पडतो, निऑन टेट्राच्या अंगावरची पट्टी चमकते आणि टाकी घरी येते. त्या दिव्यात खोट काही नसते. मासे उठून दिसावेत म्हणून तो बनवलेला असतो आणि ते काम तो चोख करतो. पण त्याच टाकीत झाडं लावायची ठरली की हिशेब बदलतो. टाकीत जे काही वाढणार, मग ते पान असो की शेवाळ, त्याची जवळपास सगळी ऊर्जा या एकाच दिव्यातून येणार असते.

म्हणून आधी झाडं ठरवावीत, पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा की नाही ते ठरवावं, आणि मग या दोन उत्तरांना साजेसा दिवा शोधावा. हा क्रम उलटला, आधी झगझगीत दिवा आला आणि मग त्याच्याखाली काय लावायचं याचा विचार सुरू झाला, की पहिल्या काही आठवड्यांतच काचेवर, पानांच्या कडांवर आणि दगडांवर शेवाळ चढू लागतं. एक-दोन फुटी टाक्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दिवा कमी पडून त्या क्वचित बिघडतात. बिघडतात त्या बहुतेक दिवा जास्त झाल्यामुळे.

असं का होतं, हे कळायला शाळेतला एक प्रयोग पुरतो. हायड्रिलाची फांदी, काचेचं पात्र, वर पालथं नरसाळं आणि त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे वर चढतात, नळीत ऑक्सिजन जमतो. हा प्रयोग घरी थोडा पुढे न्यावा. ताजी, निरोगी फांदी घ्यावी, तिचं देठ धारदार ब्लेडनं कापावं आणि कापलेलं टोक वर येईल अशी ती पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवावी. शेजारी टेबल लॅम्प लावावा. थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ सुटू लागते. मिनिटाला किती, ते मोजावं. दिवा जवळ आणला की आकडा वाढतो, अजून जवळ आणला की अजून वाढतो, आणि मग एका अंतरापलीकडे दिवा कितीही जवळ आणला तरी आकडा जागचा हलत नाही. आता ग्लासात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा. दिवा तोच, अंतर तेच, तरी बुडबुडे पुन्हा वाढतात. उजेड आधीच भरपूर होता. फांदीला कमी पडत होता तो कार्बन, आणि सोड्यानं तो पुरवला. (हा सोडा ग्लासापुरताच, माशांच्या टाकीत टाकायचा नाही.)

पाण्यातल्या पानांवरचे बुडबुडे आणि प्रकाश यांचा संबंध यान इंगेनहाउझ या डच वैद्यानं १७७९ साली दाखवला. त्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात राहून त्यानं पाचशेहून अधिक प्रयोग केले आणि त्याच वर्षी पुस्तक छापलं. पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की बुडबुडे येतात, अंधारात थांबतात, आणि हे घडवून आणते ती सूर्याची ऊब नसून त्याचा प्रकाश, हे त्यानं पडताळून पाहिलं. पुढे १९०५ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी मर्यादा घालणाऱ्या घटकांचा नियम मांडला. प्रक्रियेला चार गोष्टी लागत असतील तर तिचा वेग सगळ्यात तुटवड्याच्या गोष्टीवर ठरतो. बाकीच्या कितीही वाढवल्या तरी फरक पडत नाही. टाकीच्या दिव्याचा विचार करताना हा नियम सतत डोळ्यांसमोर हवा. मोठा दिवा लावणं म्हणजे मोठी पंगत बसवणं. वाढायला माणसं आणि पातेल्यात अन्न तेवढंच असेल, तर पानावर बसलेले उपाशी राहतात आणि न बोलावलेले आत शिरतात. हे न बोलावलेले म्हणजे शेवाळ. त्याची गरज इतकी थोडी असते की झाडं जिथं अडून बसतात तिथंही त्याचं भागतं.

कार्बनचा हा तुटवडा किती खरा आहे, ते आकड्यांत पाहू. हवेशी समतोल साधलेल्या २५ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. मासे आणि तळातले जिवाणू श्वसन करतात म्हणून भरलेल्या टाकीत तो थोडा जास्त सापडतो, एवढंच. शिवाय पाण्यातून हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. त्यामुळे पानाच्या अगदी लगतचा साठा संपला की नवा पोचायला वेळ लागतो. सिलिंडर लावून वायू सोडणारे शौकीन लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास पातळी राखतात. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं नावारूपाला आणलेल्या, हिरव्या गालिच्यासारख्या तळाच्या टाक्यांची छायाचित्रं पाहून जे दिवे विकत घेतले जातात, ते दिवे या ३० मिलिग्रॅमच्या जगातले असतात. चित्रात टाकी दिसते, दिवा दिसतो. टेबलाखालच्या कपाटातलं सिलिंडर दिसत नाही. सिलिंडर नको असेल, आणि पहिल्या टाकीला ते नसावंच असं मला वाटतं, तर दिवाही मंद ते मध्यम असावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

मंद दिव्याखाली काय वाढेल, याचं उत्तर झाडांच्या मूळ घरांकडे पाहिलं की मिळतं. अनुबियास पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांत, ओढ्याकाठच्या खडकांवर दाट सावलीत वाढतं. जावा फर्न आग्नेय आशियातल्या ओलसर दगडांवर मुळं धरतो. बाजारात सर्वाधिक दिसणारी क्रिप्टोकोरायनी वेंडटाय श्रीलंकेच्या ओढ्यांतली. तिच्या भाऊबंद जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आणि नद्यांच्या काठी रानात सापडतात. डोक्यावर झाडांचं छत असलेल्या पाण्यात राहायची या मंडळींना सवय आहे. पान टिकाऊ, वाढ सावकाश, मागणी कमी. उलट रोटाला मॅक्रांड्रा ही दक्षिण भारतातल्या पश्चिम घाटाची लालभडक वनस्पती उघड्या, उन्हाच्या पाण्यातली. तिचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तेजस्वी प्रकाशात ते जास्त तयार होतं. मंद दिव्याखाली तीच रोटाला फिकट पिवळट पडते आणि खालची पानं गाळते. या दोन टोकांच्या मध्ये व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, लिम्नोफिला, आणि आयुर्वेदात ब्राह्मी म्हणून वापरली जाणारी बाकोपा मोनिएरी. यांना मध्यम उजेड मानवतो, आणि कमी-जास्त झाला तरी त्या लगेच रुसत नाहीत.

आता मंद म्हणजे किती आणि मध्यम म्हणजे किती, हा प्रश्न. इथं खोक्यावर छापलेला ल्युमेनचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून त्या रंगाला ल्युमेनच्या हिशेबात सर्वात जास्त वजन मिळतं. गडद निळा आणि गडद लाल यांना फार थोडं. झाडाचा हिशेब वेगळा. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण त्याच्या उपयोगाचे, आणि दर सेकंदाला दर चौरस मीटरवर असे किती कण पडले, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. या मापाला पार म्हणायची पद्धत आहे. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा २००० च्या घरात जातो. घरातल्या टाकीत तळाशी १५ ते ३० मिळाले तर तो मंद उजेड, ३० ते ५० मध्यम, आणि ८० च्या पुढे गेलं की सिलिंडरशिवाय सांभाळणं अवघड.

झाडाला कोणते रंग लागतात, याबद्दल एक अर्धवट समज बाजारात मूळ धरून बसला आहे. १८८२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यानं सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून फाकवलेला प्रकाश पाडला आणि भोवती ऑक्सिजनकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंनी तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी गर्दी केली. प्रयोग इतका सुंदर की तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आणि झाडाला फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. जांभळट गुलाबी दिवे याच समजावर खपतात. पण कीथ मॅक्री यांनी २२ जातींच्या झाडांवर केलेली मोजमापं १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात अख्खं पान हिरवा प्रकाशही चांगलाच वापरतं असं दिसलं. पानातून परत येणारा हिरवा आपल्याला दिसतो म्हणून पान हिरवं. पण आत पडणाऱ्या हिरव्या प्रकाशाचा मोठा भाग ते शोषूनच घेतं. तेव्हा चांगला पांढरा दिवा झाडांना पुरतो. गुलाबी दिव्याखाली झाडं जगतीलही, पण टाकी बघवत नाही. मासा कुठल्या रंगाचा आहे ते कळत नाही आणि पान पिवळं पडायला लागलं तर तेही वेळेवर लक्षात येत नाही. बैठकीच्या खोलीत असा दिवा लावू नये, असं माझं ठाम मत.

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा प्रकाश देणारा एलईडी, वर पिवळसर पूड थापलेला. थोडा निळा आरपार जातो, उरलेल्याचं पूड पिवळ्या-तांबड्यात रूपांतर करते, आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवणं इतकं कठीण होतं की त्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खोक्यावर लिहिलेलं ६५०० केल्विन म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी छटा. ३००० म्हणजे पिवळसर. झाडाला दोन्ही चालतात. ६५०० च्या आसपासची छटा लोक निवडतात ती पाणी स्वच्छ आणि पानं टवटवीत दिसतात म्हणून. त्यापेक्षा सीआरआय हा आकडा बघावा. वस्तूचे खरे रंग दिवा किती इमानाने दाखवतो, हे त्यातून कळतं. ८० ठीक, ९० उत्तम. पानांच्या तपकिरी, तांबूस, पोपटी छटा ९० वाल्या दिव्याखाली वेगळ्या काढता येतात, आणि झाडं सांभाळणाऱ्याला तेच तर हवं असतं.

वॅटचा नियम मात्र आता विसरलेला बरा. गॅलनमागे दोन वॅट, म्हणजे लिटरमागे साधारण अर्धा वॅट, हे सूत्र जुन्या जाड ट्यूबलाइटच्या काळातलं. एलईडी तितक्याच विजेत कितीतरी जास्त उजेड देतो, त्यामुळे त्या सूत्रानं घेतलेला दिवा लहान टाकीला हमखास जास्त होतो. दुसरं असं की लिटरचा हिशेबच लहान टाकीला लागू पडत नाही. प्रकाश पडतो तो क्षेत्रफळावर.

उदाहरण म्हणून साधा ९ वॅटचा बल्ब घेऊ. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर तो घरोघरी पोचला. तो सुमारे ९०० ल्युमेन देतो. शेड लावून तो टाकीवर टांगला आणि निम्मा उजेड तळापर्यंत पोचला असं धरू, म्हणजे ४५० ल्युमेन. दोन फुटी टाकीचा तळ ६० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. भागाकार केला की २५०० लक्स (चौरस मीटरमागे जितके ल्युमेन, तितके लक्स). पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० नं भागलं की पारचा ढोबळ अंदाज येतो. इथं ३५ च्या आसपास. अनुबियास, क्रिप्टो, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया यांना एवढं भरपूर झालं. आता हाच बल्ब फूटभर लांबी-रुंदीच्या टाकीवर आणू. तळ निम्मा झाला, ०.०९ चौरस मीटर. लक्स ५०००, पार ७० च्या पुढे. सिलिंडर नसलेल्या टाकीला हे जास्त झालं. घरातला एक साधा बल्ब, आणि तोही जास्त! लहान टाकीचं सारं गणित या एका भागाकारात आहे.

हा अंदाज पडताळून बघायचा सोपा मार्ग आहे, पण तो टाकीत पाणी भरायच्या आधीच. मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप घ्यावं. फोनचा प्रकाश-संवेदक बहुधा समोरच्या कॅमेऱ्याजवळ असतो. कोरड्या टाकीत, जिथं माती येणार तेवढ्या उंचीवर, पडदा वर करून फोन ठेवावा आणि दिवा लावावा. आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांत, मग जिथं लाकडाचा ओंडका येणार त्याच्या सावलीत. फोनचे आकडे प्रयोगशाळेच्या तोडीचे नसतात, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला ते पुरतात. मध्यभागी ४००० आणि कोपऱ्यात १२०० दिसले, तर क्रिप्टो कुठं लावायची आणि हायग्रोफिला कुठं, ते तिथल्या तिथं ठरतं. दिवा दहा सेंटिमीटर वर उचलून पुन्हा मोजावं. मधला आकडा उतरतो आणि फरक कमी होतो. स्टँडवर किंवा दोरीवर वर-खाली करता येणारा दिवा म्हणूनच झाकणात जखडलेल्या दिव्यापेक्षा चांगला. मंद करायचं बटण असेल तर त्याहून चांगला. दिवा विकत घेताना रंग बदलणारा रिमोट आणि हे बटण यांत निवड करायची वेळ आली, तर बटण घ्यावं.

पाणी भरल्यावर आकडे थोडे बदलतात, पण लोकांना वाटतं तेवढे नाही. फूटभर पाणी लाल प्रकाशाचा साधारण दहावा हिस्सा खातं, निळ्याचा जवळजवळ काहीच नाही. वरून पाण्यात शिरलेले बरेचसे किरण बाजूच्या काचेवर अशा कोनात आदळतात की ते बाहेर न जाता पुन्हा आतच परततात. प्रकाश खरा अडतो तो झाकणाच्या काचेवर. बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे त्या काचेवर वाळत जातात, क्षारांचा पांढरा थर चढतो, आणि काही महिन्यांत चांगला दिवाही निस्तेज वाटू लागतो. नवा दिवा शोधण्याआधी ती काच काढून पांढरं व्हिनेगर लावून पुसून बघावी.

खिडकीतलं ऊन फुकट मिळतं, मग ते का नको, असं बरेच जण विचारतात. इंगेनहाउझचे प्रयोग उन्हातच झाले होते आणि आजही जाणकार लोक खिडकीच्या उजेडावर सुरेख टाक्या राखतात. अडचण एवढीच की ऊन आपल्या हातात नसतं. डिसेंबरात ते खोलीत आतपर्यंत येतं, जूनमध्ये ढगांआड जातं. थेट ऊन दोन तास जरी टाकीवर पडलं तरी त्या बाजूची काच हिरवी होते, आणि एप्रिल-मेमध्ये लहान टाकीचं पाणी बघता बघता तिशीच्या वर जातं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. टाकी खिडकीपासून दूर ठेवावी.

दिवा किती वेळ लावायचा, हे त्याच्या तेजाइतकंच महत्त्वाचं आहे. नव्या टाकीला सहा तास. झाडं रुजली, नवी पानं फुटली की हळूहळू आठ. मुंबईतला दिवस वर्षभरात साधारण अकरा ते सव्वातेरा तासांचा असतो, पण त्यातला सकाळ-संध्याकाळचा उजेड तिरपा आणि कोवळा. टाकीवरचा दिवा मात्र लागला की पूर्ण जोरात लागतो, त्यामुळे तासांची तुलना थेट करता येत नाही. सॉकेटमध्ये लावायचा चोवीस तासांचा टायमर ही या सगळ्या खर्चातली सर्वात उपयोगी वस्तू. घरचे लोक रात्री अकरापर्यंत टीव्ही बघतात म्हणून टाकीही अकरापर्यंत जळत राहते, हे टायमर थांबवतो. टाकी बघायला संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर दिवा दुपारी तीनला लागावा आणि रात्री दहाला बंद व्हावा. झाडांना घड्याळ कुठलंही चालतं, रोज तेच असलं म्हणजे झालं. लिम्नोफिलाकडे संध्याकाळी लक्ष देऊन पाहिलं तर एक गोष्ट दिसते. दिवा अजून चालू असतानाच तिच्या शेंड्याची पिसासारखी पानं वर वळून मिटू लागतात. तिचा दिवस संपलेला असतो. शेंडे मिटल्यावरही पुढे दोन-तीन तास दिवा चालू राहत असेल, तर ते तास कमी करायला हरकत नाही.

माशांचाही यात विचार हवा. माशाला पापण्या नसतात आणि बहुतेक माशांची बाहुली उजेडानुसार लहान-मोठी होत नाही. त्यांच्या डोळ्यातल्या पेशी आणि रंगकण जागा बदलून उजेडाशी जुळवून घेतात आणि त्याला बराच वेळ लागतो. गडद अंधारात एकदम दिवा लागला की टेट्रा काचेवर धडका मारतात, ते यामुळेच. खोलीतला दिवा आधी लावावा, टाकीचा नंतर. बंद करताना उलट. वर तरंगणारी थोडी झाडं सोडली तर माशांना सावली मिळते आणि उजेडही आपोआप कमी होतो. साल्व्हिनिया, पिस्टिया झपाट्यानं पसरतात, त्यामुळे दर आठवड्याला मूठभर काढावी लागतात. काढलेली झाडं कुंडीतल्या खतात घालावीत किंवा वाळवावीत. नाल्यात, नदीत, तळ्यात अजिबात टाकू नयेत. शोभेसाठी आणलेल्या एका तरंगत्या झाडानं पाण्याचं काय होतं, हे मुळा-मुठेवर पसरणाऱ्या जलपर्णीनं आपल्याला पुरेसं दाखवलं आहे.

विजेचं मात्र गांभीर्यानं घ्यावं. शक्यतो १२ व्होल्टचा दिवा घ्यावा, म्हणजे २३० व्होल्ट ॲडाप्टरपाशीच थांबतात, आणि तो ॲडाप्टर टाकीच्या वर किंवा झाकणावर कधीच ठेवू नये. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी. तिच्यावरून ओघळलेलं पाणी त्या झोलावरून गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. दिव्यावर आयपी ६५ लिहिलेलं असेल तर तो शिंतोडे सोसतो, पाण्यात पडणं नाही. त्यासाठी आयपी ६७ किंवा ६८ लागतो. घराच्या वीजपेटीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकी आणण्याआधी तो बसवून घ्यावा. पाण्यात हात घालताना दिवा, फिल्टर, हीटर सगळं बंद. खर्चाची काळजी नको. १८ वॅटचा दिवा रोज आठ तास चालला तर महिन्याला सव्वाचार-साडेचार युनिट होतात.

पहिले दोन महिने टाकी जे दाखवेल ते वाचत जावं. दुकानातून आणलेल्या झाडांची पानं बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढलेली असतात, त्यामुळे ती सुरुवातीला विरघळल्यासारखी गळतात. क्रिप्टो तर सगळी पानं टाकून नुसत्या मुळांवर येते. याला दिवा कारण नसतो, म्हणून घाबरून दिवा वाढवू नये. नव्या टाकीत काचेवर चढणारा तपकिरी, बोटानं पुसला जाणारा थरही आपोआप ओसरतो. बघायची ती नवी पानं. हायग्रोफिलाची फांदी हातात धरून दोन पेरांमधलं अंतर पाहावं. नवी पेरं जुन्यांपेक्षा लांब होत चालली असतील, देठ काटकुळं होऊन वर धावत असेल आणि खालची पानं गळत असतील, तर उजेड कमी पडतो आहे. दिवा थोडा खाली आणावा किंवा अर्धा तास वाढवावा. पेरं आखूड, पानं रुंद, पण कडांना हिरवे केस आणि काचेवर टिपके असतील तर उजेड जास्त आहे. एक तास कमी करावा, किंवा दिवा वर उचलावा. एका वेळी एकच बदल करावा आणि मग किमान दोन-तीन आठवडे काही करू नये, कारण आज दिव्यात केलेल्या बदलाचं उत्तर त्यानंतर फुटलेल्या पानावरच मिळतं, आणि अनुबियाससारख्या झाडाला ते एक पान काढायला दोन-तीन आठवडे लागतात.